३४ वर्षांच्या खंडानंतर भौतिकशास्त्राची पदवी: एक प्रकरण अभ्यास

वय ५३. अकाउंट्सच्या कामात २९ वर्षे गेलेली. भौतिकशास्त्राची पदवी एकोणिसाव्या वर्षी, पहिलेच वर्ष संपता संपता घरच्या जबाबदारीमुळे सुटली. ताऱ्यांच्या आत काय घडते ते गोष्टीतून ऐकायचे नाही, गणितातून समजून घ्यायचे, ही इच्छा मात्र तेव्हापासून तशीच राहिली. आता मुले मार्गी लागली आहेत, नोकरी चालू आहे आणि घरात ऐंशी ओलांडलेले एक वडीलधारे माणूस आहे. अशी विद्यार्थिनी पुन्हा पदवीला बसते तेव्हा पहिल्या दोन वर्षांत काय काय होते, ते इथे मांडले आहे. हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही. परत येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या अडचणी एकत्र आणून ते अभ्यासासाठी रचले आहे. तास, गुण आणि आठवडे मात्र असे घेतले आहेत की वाचणाऱ्याला ते स्वतःच्या वेळापत्रकावर ठेवून पाहता यावेत.

या वयात परतणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पहिली भीती वाटते ती डोक्याची: आता लक्षात राहील का? मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलमध्ये सुरू केलेल्या अभ्यासात त्याच त्या माणसांची बौद्धिक चाचणी अनेक दशके पुन्हा पुन्हा घेतली गेली. शब्दसंपत्ती आणि अर्थ लावण्याची ताकद उतारवयापर्यंत चांगली टिकते. झरझर पाहून झरझर उत्तर देण्याचा वेग मात्र बराच आधी उतरू लागतो, असे त्यातून दिसले. या प्रकरणातली विद्यार्थिनीही समजण्यात कमी पडली नाही. तिचे नुकसान तीन ठिकाणी झाले: वेगात, अभ्यासाच्या जुन्या सवयीत आणि न मागितलेल्या तासांत. तिन्हींवर उपाय आहे, म्हणूनच हा हिशोब लिहिण्यासारखा आहे.

तासांचा हिशोब आधी

प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी संस्थेला विचारायचा पहिला प्रश्न असा: तुमच्याकडे एका क्रेडिटमागे (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचा भार मोजण्याचे एकक) किती तास धरतात? युरोपीय पद्धतीत पूर्ण वेळच्या वर्षाला ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तास असतात. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि १९७१ पासून ती नोकरी-संसार सांभाळणाऱ्यांना शिकवते आहे. तिथे एका क्रेडिटला १० तास धरतात आणि ऑनर्स पदवीला ३६० क्रेडिट लागतात. शब्द एकच, माप वेगळे. क्रेडिटची संख्या पाहून भार ठरवणारा माणूस इथेच फसतो.

आपल्या विद्यार्थिनीच्या अभ्यासक्रमात युरोपीय माप होते. ६० क्रेडिट म्हणजे १५०० ते १८०० तास. वर्षाचे ३६ आठवडे धरले तर आठवड्याला ४२ ते ५० तास. ही दुसरी पूर्ण वेळ नोकरीच झाली. म्हणून निम्मा भार घ्यायचे ठरले: वर्षाला ३० क्रेडिट, आठवड्याला २१ ते २५ तास आणि तीन वर्षांची पदवी सहा वर्षांत.

मग दोन आठवडे अर्ध्या अर्ध्या तासाची नोंद ठेवली. अंदाजाने २५ तास मोकळे वाटत होते, नोंदीत १७ निघाले. त्यातले ६ तास अर्ध्या तासाहून लहान तुकड्यांत विखुरलेले होते. अशा तुकड्यात सूत्रांची उजळणी होते, गणित सुटत नाही. कामाचे राहिले ११. बाकीचे कोणाकडून तरी मागून घ्यावे लागणार होते, आणि बहुतेक जण ते मागत नाहीत. घरात ‘मी पुन्हा शिकणार आहे’ म्हटले की सगळ्यांना आनंद होतो, पण कोणाचेही काम बदलत नाही. कामे बदलली ती ठरावीक वार आणि ठरावीक वेळ समोर ठेवल्यावर. सोमवार आणि बुधवारची संध्याकाळ, प्रत्येकी ३ तास, वर्गासाठी. रविवारी सकाळचे ४ तास अभ्यासासाठी. त्या वेळात स्वयंपाक कोण करणार, औषधे कोण देणार, दार कोण उघडणार, हे नावानिशी कागदावर लिहिले गेले.

प्रयोगशाळा गुरुवारी दुपारी २ ते ५. व्याख्याने संध्याकाळी ठेवणाऱ्या संस्थाही प्रयोगशाळा बहुधा दिवसाच ठेवतात, कारण उपकरणांजवळ सहायक हजर लागतो. नोकरी करणाऱ्याचा विज्ञानाचा अभ्यासक्रम सर्वांत जास्त अडतो तो इथे. त्यामुळे कार्यालयाशी बोलणे प्रवेशाच्या आधी झाले. गुरुवारचे ३ तास इतर दिवशी लवकर येऊन भरून काढायचे ठरले आणि त्यावर लेखी संमती घेतली. लेखी यासाठी की वरिष्ठ बदलतात. पाच महिन्यांनी ते खरेच बदलले आणि तो कागद उपयोगी पडला.

एकूण २४ तास. त्यातले २ जाण्यायेण्यात गेले, हातात राहिले २२.

पैशाबद्दल दोनच नियम पाळले. निवृत्तीच्या बचतीला हात लावायचा नाही, आणि पुढच्या सत्राची फी बाजूला पडल्याशिवाय चालू सत्राची भरायची नाही. सहा वर्षांच्या वाटेत एखादे सत्र चुकते. तेव्हा दुसऱ्या नियमामुळे अभ्यास थांबतो, घर अडचणीत येत नाही.

जुनी कागदपत्रे आणि एक नाकारलेली सवलत

गुणपत्रिका मिळवायला ७ आठवडे लागले. जुने महाविद्यालय दुसऱ्या संस्थेत विलीन झाले होते आणि कागदावरचे नाव लग्नाआधीचे होते. नावबदलाचा पुरावा, ओळखपत्र आणि विलीनीकरणानंतर नोंदी कुठे गेल्या याची चौकशी, या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी सुरू करायला हव्या होत्या. त्या एकामागून एक केल्या, म्हणून इतका वेळ गेला.

पूर्वी उत्तीर्ण झालेल्या विषयांची सूट मागता येते. भाषेचा आणि एका ऐच्छिक विषयाचा अर्ज केला, तो मान्य झाला. पहिल्या वर्षाच्या गणिताचीही सूट देऊ केली गेली, कारण जुन्या गुणपत्रिकेत त्या विषयाला ७१ गुण होते. ती तिने घेतली नाही, आणि आमच्या मते दोन वर्षांतला हा सर्वांत शहाणा निर्णय. गुणपत्रिका ३४ वर्षे टिकते, डेरिव्हेटिव्ह टिकत नाही. गणिताची सूट घेतलेला विद्यार्थी तिसऱ्या सत्रात विद्युतचुंबकत्वाला भिडतो तेव्हा त्याला भौतिकशास्त्र आणि कॅल्क्युलस (बदलाच्या दराचे गणित, डेरिव्हेटिव्ह त्यातलेच) एकदम शिकावे लागते, आणि तिथून गळती सुरू होते. रोजच्या कामातून ताजा राहिलेला विषय असेल तर सूट जरूर घ्यावी. ज्यावर पुढचे मजले उभे राहणार, तो विषय पुन्हा करावा.

वर्ग सुरू होण्याआधीचे २४ आठवडे

आधी प्रवेश परीक्षेची एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवली. पुस्तक बंद, कोणाची मदत नाही. टक्केवारी, प्रमाण, चक्रवाढ, समीकरणांची मांडणी पक्की निघाली. २९ वर्षे आकड्यांत काढल्याचा तो फायदा. लॉगरिदमचे नियम अर्धवट आठवले. त्रिकोणमितीतली सूत्रे गेली होती, त्यांचा अर्थ शिल्लक होता. कॅल्क्युलसचे पान कोरे राहिले.

आठवड्याला ८ तासांप्रमाणे १९२ तास मिळाले. बीजगणित आणि लॉगरिदमला ३०, त्रिकोणमितीला ३०, सदिशांना २०, कॅल्क्युलसला ९० आणि उरलेले २२ तास वेळ लावून प्रश्नपत्रिका सोडवायला. कॅल्क्युलसच्या वाट्यात साखळी नियमाला (एकात एक गुंतलेल्या राशींचे डेरिव्हेटिव्ह काढण्याच्या रीतीला) जाणूनबुजून जास्त वेळ दिला, कारण यंत्रशास्त्रात वेगावरून त्वरण काढताना तो पावलोपावली लागतो आणि चुकला तर उत्तर दिसायला बरोबरच दिसते.

याच काळात हाताची तयारी करायची असते, हे फार थोड्यांना सुचते. वर्षानुवर्षे कीबोर्डवर काम केलेला हात तीन तास सलग लिहू शकत नाही. चाळिसाव्या मिनिटाला अंगठा आखडतो आणि अक्षर फुटते. शेवटचे ८ आठवडे २० मिनिटांपासून वाढवत ३ तासांपर्यंत कागद-पेनाने लिहिण्याचा सराव ठेवला.

डोळ्यांचेही तसेच. चाळिशीनंतर जवळचे दिसण्यासाठी चष्मा लागतो. प्रोग्रेसिव्ह भिंगात दूरचा आणि जवळचा भाग असतो, पण हातभर अंतरासाठीची मधली पट्टी अरुंद असते. संगणकाचा पडदा नेमका त्या अंतरावर येतो, आणि मान वर करून तास काढले की दुखणे मानेत उतरते. पडद्याचे अंतर मोजून त्यासाठी वेगळा चष्मा करून घेतला. वर्गात दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत मध्ये बसल्यावर फळा आणि वही यांच्यात नजर फिरवायला कमी त्रास झाला.

सातवा आठवडा: १०० पैकी ३९

पहिल्या सत्रात यंत्रशास्त्र, गणित आणि प्रयोगशाळा होती. सातव्या आठवड्यात यंत्रशास्त्राची चाचणी झाली: १० प्रश्न, प्रत्येकी १० गुण, २ तास. गुण ३९. सोडून देण्याचा विचार येतो तो याच आठवड्यात. कारण आकड्याचा अर्थ ‘माझे वय झाले’ असा लावला जातो आणि उत्तरपत्रिका पिशवीतून बाहेरही निघत नाही.

ती काढून पाहिली तर निराळेच दिसले. १० पैकी ५ प्रश्नच सोडवले होते आणि त्या ५० गुणांपैकी ३९ मिळाले होते. प्रश्नामागे १२ मिनिटे हवी होती, लागली २४. ती कुठे गेली? प्रत्येक बेरीज दोनदा तपासली होती. आकृत्या पट्टीने काढल्या होत्या. उत्तर सात-आठ आकड्यांपर्यंत नेले होते. हिशोबाच्या कामात या तिन्ही गोष्टी गुणाच्या आहेत, परीक्षेत त्या वेळ खातात. वेगात वयाचा वाटा असतो, पण या २४ मिनिटांत मोठा वाटा व्यवसायाने लावलेल्या सवयींचा होता, आणि सवय बदलता येते.

दुसरे कारण तासांच्या नोंदीत सापडले. २२ पैकी ७ तास वर्ग आणि प्रयोगशाळा, १० तास वाचन आणि वही सुवाच्य उतरवून काढणे, ३ तास गणिते, २ किरकोळ. धडा चारदा वाचला होता, ओळी रंगवल्या होत्या, वही देखणी होती. ३४ वर्षांपूर्वी अभ्यास म्हणजे हेच होते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचे वाटणे म्हणजे येणे असा समज होतो. परीक्षेत ओळख उपयोगी पडत नाही, कोऱ्या कागदावर मांडावे लागते.

बदल असा केला. वाचन आणि टिपणे ३ तासांवर आणली. गणितांना ९ तास दिले, त्यांतली निम्मी घड्याळ लावून. पुस्तक मिटून आठवून लिहिण्याला २ तास आणि १ तास किरकोळ; वर्गाचे ७ तास तसेच. चुकलेले गणित दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, आठव्या आणि विसाव्या दिवशी नव्याने सोडवायचे. विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते आणि पुढे मंदावते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मोजून दाखवले होते. उजळण्यांमधले अंतर वाढवत नेण्यामागे हाच विचार आहे. परीक्षेत आधी पूर्ण प्रश्नपत्रिका वाचायची, येणारे प्रश्न खुणावायचे, आकृती हातानेच काढायची आणि पंधराव्या मिनिटाला पुढच्या प्रश्नाकडे वळायचे.

प्रश्नामागचा वेळ पाच आठवड्यांत २४ वरून १७ आणि नंतर १४ मिनिटांवर आला. सत्राअखेरच्या परीक्षेत ५८ गुण, पुढच्या सत्रात ६६.

प्रयोगशाळेत

तिघांचा गट होता. दोघे एकोणीस वर्षांचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितले, ‘काकू, तुमचं अक्षर सुंदर आहे, नोंदवही तुम्हीच लिहा.’ बोलण्यात आदर होता आणि कामाची वाटणी सोयीचीही झाली. पण चार आठवड्यांत विद्यार्थिनीने एकदाही उपकरणाला हात लावला नव्हता. प्रात्यक्षिक परीक्षा एकट्याने द्यायची असते, हे लक्षात आल्यावर दर आठवड्याला काम फिरवायचे ठरवले: एक जण उपकरणावर, एक जण वाचनावर, एक जण नोंदीवर. गटातल्या मुलांनाही नोंदवही लिहिता येत नव्हती, त्यांचाही फायदाच झाला.

व्हर्निअरच्या (बारीक लांबी मोजण्याच्या उपकरणाच्या) रेघा जुळल्या की नाही ते दिसेना. हातभिंग आणि बाजूने दिवा पुरेसा ठरला. लपवण्यासारखे त्यात काही नाही. न दिसलेले अंदाजाने लिहिणे हा खरा गुन्हा.

लंबकाचा प्रयोग तर या वयाच्या विद्यार्थ्यासाठीच असावा असा आहे. एक मीटर लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याचा वेळ, साधारण २ सेकंद. घड्याळ दाबताना ०.२ सेकंदाची चूक धरली तर एकाच आवर्तनात ती १० टक्के होते. २० आवर्तने मोजली की एकूण ४० सेकंदांत तीच चूक अर्ध्या टक्क्यावर येते. गुरुत्व त्वरणाच्या सूत्रात आवर्तकालाचा वर्ग असल्याने तिथे ती दुप्पट, म्हणजे १ टक्का होते. हात मंद असला तरी पद्धत नीट असेल तर उत्तर चांगले येते.

नंतर मात्र अहवालात गुरुत्व त्वरण ९.८१३७२ असे लिहिले गेले आणि गुण कापले गेले. १ टक्क्याची चूक असताना ९.८ च्या पुढचे आकडे हे मोजलेले नसतात. हिशोबनीसाला शेवटचा आकडा सोडणे म्हणजे लबाडी वाटते. भौतिकशास्त्रात तो ठेवणे हा दोष आहे. ही एक गोष्ट मनाने स्वीकारायला एक अख्खे सत्र लागले.

शिक्षक, संगणक आणि विचारण्याची लाज

शिकवणारे प्राध्यापक तिच्या मुलाच्या वयाचे. त्यांच्याकडे जाऊन ‘मला मुळातलेच समजले नाही’ म्हणायला संकोच वाटायचा, म्हणून ती सहा आठवडे गेलीच नाही. हा संकोच मोडायला एक साधी रीत आहे: रिकाम्या हाताने जायचे नाही. सोडवलेले अर्धे गणित घेऊन जायचे आणि ‘या ओळीनंतर अडले’ असे बोट ठेवायचे. पंधरा मिनिटांत काम होते, प्राध्यापकालाही कुठून सांगायचे ते कळते.

पायथन या संगणकभाषेत आलेख काढण्याच्या पहिल्या गृहपाठात ९ तास गेले. कारण निघाले समासातल्या मोकळ्या जागांचे: काही ओळींत टॅब होता, काहींत स्पेस. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. तेव्हापासून नियम केला, ३० मिनिटे अडले की विचारायचे. शेजारच्या मुलीने एका मिनिटात दाखवले. तिला लॉगरिदमिक आलेखाची पट्टी वाचता येत नव्हती, ती मग हिने समजावली.

स्वप्न दोन वर्षे दिसतच नाही

या प्रकरणात आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला धोका गुणांचा नाही. तारे समजून घ्यायला आलेल्या विद्यार्थिनीच्या पहिल्या दोन वर्षांत तारे कुठेच नव्हते. उतरत्या फळीवरचे ठोकळे, स्प्रिंगा, उष्णता, मॅट्रिक्स. हे शिकल्याशिवाय ताऱ्याची रचना कळत नाही हे खरेच, पण दिवसभराच्या नोकरीनंतर ठोकळ्यांवर मन टिकत नाही. दुसऱ्या सत्राच्या मध्यावर तिच्या नोंदीत ‘कशासाठी?’ असा एकच शब्द लिहिलेला होता.

उपाय आठवड्याला एका तासाचा होता. गरुड तारकासमूहातला ईटा अक्विली हा सेफीड प्रकारचा रूपविकारी, म्हणजे ठरावीक काळाने तेज कमी-जास्त होणारा, तारा नुसत्या डोळ्यांना दिसतो. सुमारे ७.१८ दिवसांत तो ३.५ ते ४.३ प्रतीच्या आसपास वर-खाली होतो (प्रत हे ताऱ्याच्या तेजाचे माप, आकडा लहान तितका तारा तेजस्वी). शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी तुलना करून तेजस्वितेचा अंदाज लिहायचा, ताऱ्याजवळ टॉर्च न लावता. अशा नोंदी हौशी निरीक्षकांकडून गोळा करणारी अमेरिकेतली एएव्हीएसओ ही संघटना १९११ पासून काम करते आहे. खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिट यांनी सेफीड ताऱ्यांचा आवर्तकाल आणि तेजस्विता यांचे नाते १९१२ मध्ये मांडले आणि त्यातून विश्वातली अंतरे मोजण्याची वाट मोकळी झाली. निरीक्षणाच्या त्या हंगामात ३१ नोंदी झाल्या. आलेख काढायला तेच पायथन लागले, प्रतीसाठी तेच लॉगरिदम, आणि प्रत्येक बिंदूला मोजणीतली संभाव्य चूक दाखवणारी पट्टी. ठोकळे कशासाठी होते ते तिला त्या आलेखावर दिसले.

अशा वेळी मोठ्या वयात पदवी मिळवणाऱ्यांच्या बातम्या कोणीतरी पाठवतेच. नोला ऑक्स यांनी २००७ मध्ये ९५ व्या वर्षी अमेरिकेत पदवी घेतली. जुझेप्पे पातेर्नो यांनी २०२० मध्ये ९६ व्या वर्षी पालेर्मो विद्यापीठातून. क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी १९७० च्या दशकात सोडलेले खगोलभौतिकीचे संशोधन पुन्हा हाती घेऊन २००७ मध्ये इम्पीरियल कॉलेजची पीएचडी मिळवली. या गोष्टी खऱ्या आहेत आणि धीर देतात. मात्र मे यांच्यापाशी पदवीपर्यंतचा पाया पक्का होता. आपल्या विद्यार्थिनीला तोच बांधायचा आहे, तेव्हा वेगाची तुलना त्यांच्याशी करू नये.

तिसरे सत्र आणि एक मागे घेतलेला विषय

तिसऱ्या सत्राच्या पाचव्या आठवड्यात घरातले वडीलधारे माणूस पडले आणि महिनाभर अंथरुणाला खिळले. २२ तासांचे १३ झाले. कमी पडलेले तास झोपेतून काढले. तीन आठवडे रोज पाच-साडेपाच तास झोप. परिणाम वहीत स्पष्ट दिसतो: पद्धत बरोबर, पण उणे-अधिक चिन्हांच्या चुका पानापानावर. शिकलेले पक्के होण्यासाठी झोप लागतेच. अभ्यासाचे तास झोपेतून काढले की अभ्यासाचाच तोटा होतो.

विषय मागे घेण्याची शेवटची तारीख नवव्या आठवड्यात होती. ती सत्राच्या पहिल्या दिवशीच भिंतीवर लिहून ठेवलेली होती, म्हणून आठव्या आठवड्यात विचार करता आला. ६ क्रेडिटचे विद्युतचुंबकत्व मागे घेतले, गणित आणि प्रयोगशाळा चालू ठेवली. तिच्या संस्थेत तारखेआधी मागे घेतलेला विषय गुणपत्रिकेत ‘मागे घेतला’ एवढाच दिसतो, सरासरीत धरला जात नाही. तारीख उलटली की तोच विषय अनुत्तीर्ण म्हणून उतरतो. पूर्ण सत्र सोडले नाही, हेही बरे झाले. आठवड्याला एक वर्ग जरी चालू राहिला तरी पायवाट मोडत नाही. पूर्ण खंड पडला की परतताना प्रवेशापासून सगळे पुन्हा करावे लागू शकते.

दुसरे वर्ष संपताना १८० पैकी ५४ क्रेडिट झाले आहेत. विद्युतचुंबकत्व पुढच्या वर्षी पुन्हा नोंदवायचे आहे. तोवर उन्हाळी सुटीचे १० आठवडे मिळतील. त्यांतले ४० तास फक्त सदिश कॅल्क्युलसला लावून ठेवले आहेत, आणि त्यासाठी रविवारी सकाळची वाटणी घरात पुन्हा नावानिशी लिहून झाली आहे.